‘डॉक्टरचा सहाय्यक’ ते ‘सहयोगी’ : देखरेखीच्या कायद्यांचा इतिहास आणि आपला प्रश्न

गेल्या काही वर्षांत आमच्या वस्त्यांमधली मुले-मुली मोठ्या संख्येने आरोग्य क्षेत्रातल्या लहान-मोठ्या अभ्यासक्रमांकडे वळली आहेत. डीएमएलटी, जीएनएम, डायलिसिस टेक्निशियन, ओटी टेक्निशियन आणि आता ‘फिजिशियन असोसिएट’. एमबीबीएसची सरकारी जागा हुकली, खासगी कॉलेजची फी ऐकून बाप गप्प झाला, की घर या अभ्यासक्रमांकडे पाहू लागते. अशाच एका मार्गदर्शन शिबिरात बारावी झालेल्या एका मुलाने आम्हाला विचारले, “दादा, हा कोर्स केल्यावर मी स्वतः पेशंट तपासू शकतो, की जन्मभर कुणाच्या तरी हाताखालीच राहायचं?”

त्या दिवशी आम्ही त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. पगार किती, नोकरी कुठे मिळते, एवढेच सांगून वेळ मारून नेली. पण त्याचा प्रश्न पगाराचा नव्हताच. माणसाला काम येते, तरी ते काम करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या नावाला का बांधलेला असतो, हे तो विचारत होता. हा प्रश्न विचारणारा तो पहिला नाही. अमेरिकेत या एका प्रश्नावर पन्नासहून अधिक वर्षे राज्याराज्यांच्या विधिमंडळांत भांडण चालू आहे. तो इतिहास आपल्या तरुणांना माहीत असणे आवश्यक आहे, कारण त्याची सुरुवातच एका कृष्णवर्णीय माणसाच्या हातांपासून होते.

दारे कोणी बंद केली होती?

१९१० साली अमेरिकेत अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. निकृष्ट वैद्यकीय शाळा बंद व्हाव्यात, शिक्षण शास्त्रशुद्ध व्हावे, हा त्याचा हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय शाळा होत्या. त्यांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच टिकवण्यालायक आहेत, असे अहवालाने म्हटले. पुढच्या तेरा-चौदा वर्षांत उरलेल्या पाचही बंद पडल्या. कृष्णवर्णीय डॉक्टरांनी कृष्णवर्णीयांपुरतेच काम करावे आणि त्यात गोऱ्यांच्याही आरोग्याचे हित आहे, असाही त्या अहवालाचा सूर होता.

दुसरे दार डॉक्टरांच्या संघटनेचे. दक्षिणेतल्या राज्यांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखा कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासद करून घेत नसत. सभासदत्व नसेल तर अनेक ठिकाणी रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा अधिकारही मिळत नसे. म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १८९५ मध्ये आपली स्वतंत्र नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली ती २००८ साली.

म्हणजे ‘दर्जा’ हा शब्द दोन कामे करत होता. तो रुग्णाला भोंदूपासून वाचवत होता आणि त्याच वेळी एका समाजाला ज्ञानाच्या बाहेरही ठेवत होता. हा दुहेरीपणा नीट लक्षात ठेवावा. पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

गारलँडचा बडी ट्रेडवेल

नॉर्थ कॅरोलिना राज्यात गारलँड नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे डॉ. एमॉस जॉन्सन हे गोरे डॉक्टर प्रॅक्टिस करत. १९४० च्या सुमारास त्यांनी हेन्री ली ट्रेडवेल या कृष्णवर्णीय माणसाला मदतीला ठेवले. गाव त्यांना ‘बडी’ म्हणून ओळखे. ट्रेडवेल यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून, पाहून, करून ते शिकले. हळूहळू दवाखान्याचा मोठा भार त्यांच्यावर आला. जॉन्सन हे पुढे अमेरिकेतल्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. ते सभा-अधिवेशनांसाठी बाहेरगावी गेले की मागे दवाखाना ट्रेडवेल सांभाळत आणि गावातले लोक त्यांच्याकडे विश्वासाने येत.

ड्यूक विद्यापीठातील वैद्यकशास्त्राचे प्रमुख डॉ. यूजीन स्टेड यांना हे ठाऊक होते. डॉक्टर कमी आणि रुग्ण जास्त, या अडचणीवर ते उपाय शोधत होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी थेल्मा इंगल्स या परिचारिका-शिक्षिकेबरोबर परिचारिकांना वरचे वैद्यकीय शिक्षण देण्याचा प्रयोग केला होता. पण परिचारिका शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. मग स्टेड सैन्यातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांकडे वळले. १९६५ मध्ये नौदलातल्या चार माजी सेवकांना घेऊन ड्यूकमध्ये ‘फिजिशियन्स असिस्टंट’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांपैकी तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले.

ते तिघेही गोरे होते. ज्यांचे काम पाहून हे शक्य आहे अशी खात्री पटली, त्या ट्रेडवेल यांचे नाव त्या पहिल्या वर्गात नव्हते. आज या व्यवसायाच्या इतिहासात त्यांचा ‘मूळ नमुना’ म्हणून आदराने उल्लेख होतो. कौशल्य कोणाचे आणि प्रमाणपत्र कोणाला, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे करणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या, वाद्ये बनवणाऱ्या आपल्या माणसांचे ज्ञान ‘विद्या’ म्हणून कधी नोंदले गेले नाही.

तरी दार ढकलणारे लोक होतेच. १९६८ मध्ये प्रेंटिस हॅरिसन हे ड्यूकमधून बाहेर पडलेले पहिले कृष्णवर्णीय फिजिशियन असिस्टंट ठरले. ड्यूकच्याच रुग्णालयात परिचारिका असलेल्या जॉइस निकोल्स यांनी, मुख्यतः माजी सैनिक पुरुषांसाठी आखलेल्या या अभ्यासक्रमात प्रवेश मिळवला आणि १९७० मध्ये त्या या व्यवसायातल्या पहिल्या महिला झाल्या. त्याही कृष्णवर्णीय होत्या. १९६९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी ‘मेडेक्स’ नावाचा असाच कार्यक्रम ग्रामीण भागासाठी सुरू केला. कृष्णवर्णीय असलेल्या डॉ. स्मिथ यांनी त्याआधी दक्षिणेतल्या रुग्णालयांमधला वर्णभेद मोडण्याच्या सरकारी मोहिमेत काम केले होते.

कायदा येतो आणि दोरी बांधतो

माणसे तयार झाली. पण त्यांनी रुग्णाला हात लावला तर तो बेकायदा वैद्यकीय व्यवसाय ठरणार नाही का? इथून कायद्याचा इतिहास सुरू होतो. १९६९ मध्ये कोलोरॅडोने बालरोग सहाय्यकांसाठी कायदा केला. १९७१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने आपला वैद्यकीय व्यवसाय कायदा दुरुस्त केला. मग एकेक राज्य पुढे आले. बहुतेक कायद्यांचा सांगाडा सारखाच होता : डॉक्टर आपले काही काम सहाय्यकाकडे सोपवू शकतो, पण जबाबदारी डॉक्टरची आणि देखरेखही डॉक्टरची. सहाय्यकाचा अधिकार त्याच्या स्वतःच्या परीक्षेतून येत नव्हता. तो एका विशिष्ट डॉक्टरच्या नावातून येत होता.

सुरुवातीचे नावच पाहा : ‘डॉक्टरचा सहाय्यक’. पुढे त्यातला ‘चा’ गळाला आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ एवढेच राहिले. आपल्या गावगाड्यात ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न किती भारी पडतो, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या ‘चा’चे वजन सांगावे लागणार नाही.

कायदे हलले, पण फार हळू. १९७७ मध्ये केंद्रीय कायद्याने ग्रामीण दवाखान्यांतल्या त्यांच्या सेवेला मेडिकेअरचे पैसे मिळू लागले. पण या व्यवसायाला सर्वांत शेवटी मान्यता देणारे राज्य मिसिसिपी, आणि तेही २००० साली. लोकसंख्येतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण सर्वाधिक असलेले, देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक असलेले हे राज्य. जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच दार सर्वांत उशिरा उघडले. औषधे लिहून देण्याचा अधिकार देणारे शेवटचे राज्य इंडियाना, २००७ साली.

या दोरीचा काच फक्त सहाय्यकाला बसत नाही. समजा एका दूरच्या गावात वीस वर्षे काम करणारी सहाय्यक आहे. तिच्या करारावर ज्या डॉक्टरची सही आहे, तो निवृत्त झाला, गाव सोडून गेला किंवा वारला. दुसऱ्या दिवशी तिचे ज्ञान तेवढेच असते, रुग्ण तेच असतात, पण दुसरी सही मिळेपर्यंत तिचा दवाखाना बंद. सही करणाऱ्या डॉक्टरने तिचे रुग्ण पाहिलेलेच असतील, असेही नाही. अशा ठिकाणी देखरेख ही देखरेख राहत नाही, ती परवानगीचा कागद होते.

स्वतंत्र व्यवसायाची विधेयके

२०१७ मध्ये फिजिशियन असिस्टंटांच्या राष्ट्रीय संघटनेने भूमिका घेतली की विशिष्ट डॉक्टरशी लेखी करार असण्याची कायदेशीर अट काढून टाकावी. अनुभव आणि शिक्षण यांनुसार कामाची मर्यादा ठरावी, गरज पडेल तेव्हा डॉक्टरचा सल्ला घ्यावा, पण कायद्याने एका नावाला बांधू नये. २०१९ मध्ये नॉर्थ डकोटाने परवानाधारक आरोग्य संस्थांत काम करणाऱ्यांसाठी ही अट काढली. २०२० मध्ये कोविड आला आणि न्यूयॉर्कसह अनेक राज्यांनी देखरेखीचे नियम तात्पुरते स्थगित केले. प्रेतांची रांग लागली तेव्हा सहीची गरज उरली नाही! २०२१ मध्ये युटा आणि वायोमिंग यांनी कायदे बदलले. युटाच्या कायद्यानुसार १० हजार तासांचा अनुभव झाल्यावर स्वतंत्रपणे काम करता येते. २०२३ मध्ये मोंटाना आणि ॲरिझोना यांनी ८ हजार तासांची अट ठेवून तोच मार्ग धरला. २०२१ मध्येच संघटनेने आपल्या व्यवसायाचे नाव ‘फिजिशियन असोसिएट’ म्हणजे सहयोगी असे करण्याचा ठराव केला.

डॉक्टरांच्या संघटनेचा या सगळ्याला कडाडून विरोध आहे. डॉक्टर १२ ते १६ हजार तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत शिकतो, सहाय्यक सुमारे २ हजार तास, मग दोघांना एकसारखे मोकळे कसे सोडायचे, हा त्यांचा मुद्दा. तो केवळ हितसंबंधाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. ब्रिटनचे उदाहरण समोर आहे. तिथे कमी प्रशिक्षित सहयोगींवर नको तितकी जबाबदारी टाकल्याच्या तक्रारी झाल्या. मृत्यूच्या प्रकरणांनी लोक हादरले. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने त्यांचे नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करावे आणि ज्यांचे निदान अजून झालेले नाही अशा रुग्णांना त्यांनी पाहू नये, अशी शिफारस केली. अमेरिकेत नाव ‘सहयोगी’कडे चालले असताना ब्रिटनमध्ये ते उलट फिरले.

पण या भांडणात आणखी एक गोष्ट दिसते, ती बाबासाहेबांनी सांगितलेल्या श्रेणीबद्ध विषमतेची आठवण करून देते. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याकडे समता मागतो आणि खालच्याला मात्र आपल्या पायरीवर येऊ देत नाही. २०२० मध्ये फ्लोरिडाच्या विधेयकात सुरुवातीला नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट दोघांनाही स्वातंत्र्य होते. कायदा झाला तेव्हा फक्त परिचारिका उरल्या. आणि या दोघांच्याही खाली असणारे मदतनीस, सफाई कामगार तर या चर्चेत कुठेच नाहीत.

दोरी सुटली, पण कोणासाठी?

आता सर्वांत कडू गोष्ट. आज अमेरिकेत पावणेदोन लाखांहून अधिक फिजिशियन असिस्टंट आहेत. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी आहे, तर लोकसंख्येत ते सुमारे तेरा टक्के आहेत. ट्रेडवेल, हॅरिसन, निकोल्स यांच्या व्यवसायात त्यांचीच माणसे इतकी कमी का? अनेक कारणे आहेत, पण एक ठळक आहे. हा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा अनुभवी सेवकाला, परिचारिकेला दोन वर्षांत प्रमाणपत्र मिळत होते. मग पदवी आली आणि आता पदव्युत्तर पदवीशिवाय या व्यवसायात प्रवेशच नाही. जसजशी व्यवसायाची प्रतिष्ठा वाढली, तसतशी दारातली फीही वाढली. स्वातंत्र्याचे कायदे मंजूर होऊ लागले तोवर ज्यांनी दार ढकलले होते, त्यांची मुले दाराबाहेर राहिली होती.

दुसरे असे, की खेड्यापाड्यांत प्राथमिक उपचार मिळावेत म्हणून हा व्यवसाय जन्मला आणि आज त्यातला साधारण चौथा हिस्साच प्राथमिक आरोग्यसेवेत आहे. बाकीचे शस्त्रक्रिया विभागांत, तातडीच्या विभागांत, विशेषज्ञांकडे. स्वातंत्र्य दिले म्हणून कोणी आपोआप गावात जात नाही.

आपल्याकडे काय झाले?

भारतातही हा प्रश्न जुना आहे. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे दोन प्रकारचे डॉक्टर होते : पदवीधर आणि कमी मुदतीचा, कमी खर्चाचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट, म्हणजे एलएमपी. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ४७ हजारांहून अधिक नोंदणीकृत डॉक्टरांपैकी सुमारे ३० हजार लायसेन्शिएट होते. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करावा, असे सुचवले. काही सदस्यांनी याविरुद्ध भिन्न मत नोंदवले. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल त्याच वर्षी कॉलेज झाले. खेड्यातल्या माणसालाही शहरातल्याच दर्जाचा डॉक्टर मिळावा, हा हेतू समतेचाच होता. पण पदवीधर डॉक्टर खेड्यात गेला नाही आणि लायसेन्शिएट संपला. कागदावर समान दर्जा, प्रत्यक्षात डॉक्टरच नाही!

पोकळी तशी राहत नाही. २००१ मध्ये छत्तीसगडने कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. २००४ मध्ये आसामने ग्रामीण आरोग्यसेवेच्या पदविकेसाठी कायदा केला. डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली, २०१४ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा केंद्राचा विषय असल्याने राज्याला असा कायदा करता येत नाही, हे त्याचे मुख्य कारण. मात्र या पदविकाधारकांना सामुदायिक आरोग्य व्यावसायिक म्हणून काम करू देणारा आसामचा २०१५ चा नवा कायदा न्यायालयाने वैध ठरवला.

दरम्यान केंद्राने २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आणले. त्यानुसार ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ना मर्यादित परवाना देता येतो. प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधे ते स्वतः देऊ शकतात, इतर बाबतीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असता कामा नये. याविरुद्ध ३१ जुलै २०१९ रोजी देशभर डॉक्टरांनी संप केला. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ ही श्रेणीही यादीत घेतली. शिबिरातल्या त्या मुलाचा अभ्यासक्रम तो हाच.

आमची भूमिका

आम्ही आंधळेपणाने स्वातंत्र्याच्या बाजूने नाही आणि डॉक्टरांच्या मक्तेदारीच्या बाजूने तर मुळीच नाही. इतिहासाने आम्हाला काही प्रश्न विचारायला शिकवले आहे. असे कोणतेही विधेयक आले की ते विचारले पाहिजेत.

अधिकार कशातून येतो, परीक्षेतून की दुसऱ्याच्या सहीतून? सिद्ध झालेल्या ज्ञानाच्या मर्यादेत माणसाला स्वतःच्या नावाने काम करू द्या आणि त्या मर्यादेबाहेर गेला तर स्वतःच्या नावाने जबाबदारही धरा.

हा सेवक फक्त गरिबांसाठी आहे का? ज्या मंत्र्याने कायदा केला, तो आपल्या तापाने फणफणलेल्या लेकराला त्याच्याकडे नेईल का? नेणार नसेल, तर तो आमच्या वस्तीसाठी दुय्यम दर्जाचा उपचार आहे आणि तो आम्हाला मान्य नाही. सहाय्यक आला म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टरचे रिकामे पद कायमचे रिकामे ठेवता येणार नाही.

वर जायला शिडी आहे का? पाच-दहा वर्षे काम केलेल्या माणसाला एमबीबीएसपर्यंत जाण्याचा मार्ग कायद्यातच हवा. शिडी नसलेली पायरी म्हणजे जातच, जन्माऐवजी प्रमाणपत्राने ठरणारी.

आणि दारात कोण उभे आहे? फी किती, आरक्षण आहे का, शिष्यवृत्ती वेळेवर येते का? अमेरिकेतला व्यवसाय मोठा होताना त्याला जन्म देणारा समाज बाहेर राहिला. आपण आज जागे नसलो तर इथेही तेच होईल.

त्या मुलाला आता आम्ही एवढे सांगू शकतो. भाऊ, आजच्या कायद्यात हा कोर्स केल्यावर तुला बहुतांश काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावे लागेल. पण ही देखरेख आभाळातून पडलेली नाही. ती कायद्याने बांधली गेली आणि कायदा बदलून सैल होते, हे युटापासून आसामपर्यंत दिसले आहे. म्हणून नीट शिक, इतके की तुझ्या ज्ञानावर कोणाला बोट ठेवता येऊ नये. आपल्या व्यवसायाच्या संघटनेत जा. कायद्याचा मसुदा येईल तेव्हा तो स्वतः वाच. आणि उद्या तू वरच्या पायरीवर पोहोचलास, तर तुझ्या खाली काम करणाऱ्या मावशीला, वॉर्डबॉयला शिकवताना हात आखडता घेऊ नकोस. गारलँडच्या दवाखान्यातही सगळे असेच सुरू झाले होते, एकाने शिकवले आणि दुसरा शिकला.

जय भीम!